आईबरोबर सुवर्णदुर्गाच्या बेटावर

आपल्या घरात सहलीचे नाव काढले की पहिला प्रश्न येतो, "कशाला?" लग्नाला जायचे, बारशाला जायचे, मयतीला तर जायलाच हवे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे, जमले तर एकदा नागपूरची दीक्षाभूमी बघायची. पण नुसते हिंडायला म्हणून घराबाहेर पडायचे आणि वर त्यासाठी पैसे मोजायचे, हे आपल्या आयाबहिणींच्या गळी उतरत नाही. माझ्या आईच्याही उतरत नव्हते. म्हणूनच हा एका दिवसाचा वृत्तांत लिहावासा वाटला.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून अडीच कोसांवर डोंगराच्या अंगाला आमची बौद्धवाडी आहे. तिथे ती माझ्या भावाकडे राहते. मी मुंबईला. मुलांचे पप्पा टेम्पो चालवतात, मी बालवाडीत मदतनीस आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, त्यात दापोली आणि मंडणगड तालुक्यांची काय दशा झाली ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या घराची कौले आणि वासे गेले. बहीणभावाने मिळून कर्ज काढले आणि ते फेडता फेडता पाच वर्षे निघून गेली. तेवढ्या वर्षांत गावी जाणे झाले ते छप्पर शाकारायला, पैसे द्यायला. सुट्टी म्हणून जाणे झालेच नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मात्र आम्ही चौघे मोकळ्या मनाने गेलो. पहिल्याच संध्याकाळी माझ्या धाकटीने, ती सातवीत आहे, विषय काढला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. यादीत रायगड आहे, शिवनेरी आहे, सिंधुदुर्ग आहे, आणि आमच्या हर्णैसमोरचा सुवर्णदुर्गही आहे. शाळेत बाईंनी तिला विचारले होते, तुझ्या गावाजवळ आहे ना गं? तेच तिने आजीला विचारले.

"आजी, तू सुवर्णदुर्गावर किती वेळा गेलीस?"

आई कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "येकदाबी न्हाय."

"पण तू तर रोज हर्णैला जायचीस ना?"

"रोज बगत होते की. बगून काय पोट भरतंय?"

हे ऐकून मी ओशाळले. कारण मीही कधी गेले नव्हते.

डोक्यावर भारा आणि समोर किल्ला

आईची गोष्ट थोडी सांगायला हवी. दहाव्या वर्षापासून ती आजीबरोबर हर्णैला फाटी विकायला जायची. पहाटे रानात जाऊन जळणाची लाकडे तोडायची, भारा बांधायचा, डोक्यावर चुंबळ ठेवून तो उचलायचा आणि पाखाडी उतरून अडीच कोस चालायचे. बंदरावर कोळीवाड्यांत फाटीला गिऱ्हाईक असे. गॅस तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. भारा विकून आलेल्या पैशांत मीठ, सुकट, कधी जवळा घ्यायचा आणि पुन्हा अडीच कोस चढण. लग्नानंतरही हे चालूच राहिले. आम्हा भावंडांची वह्यापुस्तके या फाट्यांवर झाली आहेत.

उतारावर पाखाडीच्या वळणाला एक मोठा धोंडा आहे. भारा टेकवायला बायका तिथे थांबत. तिथून समुद्र पहिल्यांदा दिसतो आणि समुद्रात काळाभोर सुवर्णदुर्ग. म्हणजे आईने हा किल्ला हजारो वेळा पाहिला, पण नेहमी डोक्यावर ओझे घेऊन किंवा ओझे उतरवून दम खाताना. किनाऱ्यापासून मैलभराच्या आत असलेले ते बेट. पण मधले पाणी ओलांडायला होडी लागते, होडीला पैसे लागतात आणि मुख्य म्हणजे काही कारण लागते. तिला कारण कधी मिळाले नाही.

रात्री जेवताना मी म्हटले, "आई, उद्या आपण सगळे जाऊ." ती म्हणाली, "तुमी जावा. माजं गुडघं हायत काय होडीत चडायला? आन त्या पैशात आठवड्याचं वान येतंय." भावाने समजावले, वहिनीने समजावले, काही उपयोग झाला नाही. शेवटी धाकटी म्हणाली, "आजी, मला बाईंना सांगायचंय की मी आजीबरोबर गेले." त्यावर आई काही बोलली नाही. पण थोड्या वेळाने भावाला विचारते, "आज तिथ कंची?"

भावाने कॅलेंडर पाहून सांगितले, आज नवमी, उद्या दशमी.

"मंग धाची पाऊनपट साडेसात. सकाळी साडेसाताला भरती. दुपारी दीडला सुकती. जायचं तर सकाळीच निगाया होवं."

माझा मुलगा दहावीत आहे. त्याला हे काय गणित ते कळेना. कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा हा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहा वाजता, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. याचे कारण सोपे आहे. समुद्राचे पाणी मुख्यतः चंद्र ओढतो, आणि चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर असते, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. दुसरीपर्यंत शिकलेली माझी आई हे तोंडी सांगत होती आणि दहावीतला नातू मोबाईलमध्ये भरतीची वेळ शोधत होता. थोडी मिनिटे इकडेतिकडे, पण आजीचे उत्तर बरोबर निघाले. तो गप्प बसला. आई येणार, हे मात्र तेवढ्यावरून नक्की झाले.

होडीत

सकाळी तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या सुकटीची चटणी, उकडलेली अंडी आणि पाण्याच्या सहा बाटल्या घेऊन निघालो. पाणी भरपूर न्या, हे वाचकांना आत्ताच सांगून ठेवते. किल्ल्यावर प्यायला पाणी मिळत नाही, सावलीही बेताचीच, खायचे काही मिळत नाही आणि स्वच्छतागृह तर नाहीच. बायकांनी हे लक्षात घेऊनच निघावे.

हर्णैला सरकारी लाँच वगैरे नाही. बंदरावरच्या मच्छीमारांच्या यांत्रिक होड्या आहेत, त्यांतलेच काही जण पर्यटकांना नेतात आणि ठरलेल्या वेळाने परत आणतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जायचा विचारही करू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. नोव्हेंबर ते मार्च हे दिवस चांगले. आमचा होडीवाला पाजपंढरीचा, तिशीतला पोरगा. त्याने माणशी भाडे सांगितले आणि आईने जागच्या जागी घासाघीस सुरू केली. साठ वर्षे याच बंदरावर तिने भाव केलेला, ती कशी सोडणार? शेवटी मुलांचे निम्मे भाडे ठरले.

एका गोष्टीसाठी मात्र मी अडून बसले. लाईफ जॅकेट. होडीत चारच होती, आम्ही आठ जण. भाऊ म्हणाला, जवळच तर जायचे आहे. मी म्हटले, बुडायला मैलभर पाणी लागत नाही. होडीवाल्याने कुरकुर न करता शेजारच्या होडीतून चार आणून दिली. आईने ते नारिंगी जॅकेट नऊवारीवरून चढवले तेव्हा वहिनीला हसू आवरेना. आईही हसली. तिला असे हसताना मी फार दिवसांनी पाहिले.

होडीत आई माझा हात घट्ट धरून बसली होती. इंजिन सुरू झाले, किनारा मागे जायला लागला, तशी तिची पकड सैल झाली. तिने होडीवाल्याला विचारले, "तुजी आजी कंच्या आळीतली? मी तिकडं फाटी द्यायची." त्याने आळी सांगितली, आजीचे नावही सांगितले. पण फाटीवाल्या बायकांचे त्याला काहीच माहीत नव्हते. त्याच्या जन्मापासून घरात गॅसच. आई "आसं व्हय" म्हणाली आणि पाण्याकडे बघत बसली.

दहा-पंधरा मिनिटांत बेट जवळ आले. लांबून हातात मावेल एवढा दिसणारा किल्ला जवळ गेल्यावर आभाळाला भिडतो. आम्ही गेलो तेव्हा तिथे धक्का नव्हता. दरवाजासमोर वाळूची लहानशी पुळण आहे, तिथे गुडघाभर पाण्यात उतरावे लागले. आईला भाऊ आणि होडीवाला, दोघांनी मिळून हातांवर धरून उतरवले. एक लाट आलीच. थोरल्याची पँट कमरेपर्यंत भिजली आणि मोबाईलही. वाचकहो, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या. आमचा दोन दिवस बंद होता.

दगडांचे बेट

सुवर्णदुर्ग सुमारे ८ एकरांचा आहे. किल्ल्याचा मुख्य दरवाजा पूर्वेला, म्हणजे जमिनीच्या बाजूला आहे, आणि बुरुजांच्या आड असा लपवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दरवाजाच्या पायरीवर एक कासव कोरलेले आहे, बाजूच्या तटावर मारुती. आईने मारुतीकडे पाहिले न पाहिले केले, पण कासवापाशी वाकून बसली. "पाट बग कशी घासली हाय," म्हणाली. किती पावले त्यावरून गेली असतील!

तट पाहण्यासारखा आहे. पुष्कळ ठिकाणी खालचा भाग म्हणजे बेटाचाच खडक उभा तासलेला, आणि त्यावर प्रचंड चौकोनी दगड रचलेले. समुद्राचे पाणी शेकडो वर्षे त्यावर आदळते आहे, तरी तट उभा आहे. थोरल्याने शाळेच्या प्रकल्पासाठी बरेच वाचून ठेवले होते, तो आमचा गाईड झाला. किल्ला मूळचा विजापूरच्या आदिलशाहीतला. १६६० च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि मजबूत केला. आरमाराच्या दृष्टीने ही मोक्याची जागा. पुढे कान्होजी आंग्रे यांचा उदय इथूनच झाला. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी सगळ्यांना त्यांनी समुद्रावर जेरीस आणले. किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे तीन छोटे किल्ले या बेटाच्या पाठराखणीचे. आज कनकदुर्गावर दीपगृह आहे आणि फत्तेगडावर कोळी बांधवांची वस्ती.

पुढची हकीकत मात्र घरच्या भांडणाची आहे. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे बिनसले. पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरले. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' नावाचे तोफांचे जहाज घेऊन इथे आला. त्याच्या माऱ्यात किल्ल्यावरचे दारूकोठार उडाले आणि किल्ला पडला. तो मग पेशव्यांच्या ताब्यात गेला. या विजयाचे जेम्सला इतके कौतुक मिळाले की तो मेल्यावर त्याच्या विधवा पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळ शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर त्याच्या आठवणीचा एक त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजांच्या तोंडी वाकडा झालेला. तो मनोरा अजून उभा आहे.

थोरल्याने पुढे सांगितले की १८०२ मध्ये पुण्याजवळ होळकरांकडून मार खाऊन पळालेला दुसरा बाजीराव महाडमार्गे याच सुवर्णदुर्गावर येऊन लपला होता. इथून तो इंग्रजांच्या आश्रयाने वसईला गेला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने वसईचा तह केला. भावाने विचारले, "म्हणजे आपल्या कोरेगावचाच बाजीराव?" होय, तोच. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला ज्याच्या फौजेशी आपले शूर शिपाई लढले, तोच. त्याच १८१८ साली हा किल्लाही इंग्रजांनी घेतला. पुढे दापोलीला इंग्रजांचा कॅम्प बसला, पेन्शनीत निघालेले आपले कितीतरी शिपाई तिथे स्थायिक झाले, सुभेदार रामजी सकपाळही काही काळ दापोलीला येऊन राहिले. परमपूज्य बाबासाहेबांचे अगदी बालपणीचे दिवस या मुलखातले. तर ते बेट आपल्या माणसांच्या इतिहासापासून वाटते तितके लांब नाही.

हे सगळे आई ऐकत होती. मधेच तिने तटावर हात ठेवून नातवाला विचारले, "ह्ये येवढं दगड कुनी चडवलं?"

"महाराजांनी," तो म्हणाला.

"म्हाराजांनी सांगितलं आसंल. चडवलं कुनी?"

त्याला उत्तर देता येईना. मलाही देता आले नाही. जेम्सचे नाव पुस्तकात आहे, त्याच्या जहाजाचे आहे, मनोरा बांधणाऱ्या बाईंचेही आहे. होडीतून दगड आणून, खांद्याला दोर लावून ते वर ओढणाऱ्यांचे एकही नाव थोरल्याच्या कागदांत नव्हते. साठ वर्षे डोक्यावर भारे वाहिलेल्या बाईला हा प्रश्न पहिल्यांदा सुचावा, यात नवल नाही.

टाक्यापाशी

दरवाजातून आत गेल्यावर पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, मग उघडा माळ, जुन्या इमारतींचे चौथरे, दारूकोठाराची इमारत, आणि सगळीकडे झुडपे. पायांत चपला नकोत, बूट हवेत. गवतात जनावर असू शकते. मुलांना पुढे पळू देऊ नये, कारण तटाच्या कडेला कठडा नाही. पश्चिमेच्या अंगाला समुद्राकडे उघडणारा एक चोरदरवाजा आहे, मुलांना तो फार आवडला. सगळे काही नीट बघायला दोन तास पुरतात.

आई एका पाण्याच्या टाक्यापाशी थांबली. खारट समुद्राच्या मध्यात, खडकात खोदलेली गोड्या पाण्याची टाकी! पावसाचे पाणी साठवून वर्षभर शिबंदीला पुरवायचे, म्हणून ही सोय. आता ते पाणी शेवाळलेले आहे आणि त्यात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. जागतिक वारसा पाहायला येणाऱ्यांनी हे करावे, याची लाज वाटली. आमच्या मुलांनी काठीने ओढून पाच बाटल्या काढल्या आणि पिशवीत भरून परत आणल्या. बाकीच्या हाती लागल्या नाहीत.

आई काठावर बसली आणि बोलायला लागली. तिच्या लहानपणी फाटी घेऊन वणवण करताना तहान लागायची. वाटेत एक विहीर होती. आजी आणि ती काठापासून लांब बसून राहायच्या. कुणी बाई पाणी भरायला आली आणि तिला दया आली तर ती वरून ओंजळीत ओतायची. कधी अर्धा तास कुणीच यायचे नाही. डोळ्यांसमोर पाणी आणि घसा कोरडा. "आमी तवा धम्मात आलो होतो, तरीबी," ती म्हणाली. मग एके दिवशी आजी उठली आणि तिने स्वतःच दोर सोडला. कुणी पाहिले नाही, की कुणी पाहून न पाहिल्यासारखे केले, कोण जाणे. पुढच्या खेपेपासून तिने वाट पाहणे सोडले.

ही गोष्ट मी एवढ्या वयात पहिल्यांदा ऐकत होते. मी विचारले, "आई, हे कधी सांगितले नाहीस?" ती म्हणाली, "तुला येळ कुटं होता, आन मला तरी." आणि मग पिशवीतली पाण्याची बाटली काढून गटागट प्याली. धाकटी तिच्या मांडीला टेकून बसली होती. आम्ही तिथेच भाकऱ्या सोडल्या.

जेवणानंतर निघायच्या आधी आईने तटावर चढायचा हट्ट धरला. गुडघ्यांचे काय, असे आता मीच विचारू लागले. पण पायऱ्या धडक्या आहेत. एक हात भिंतीला, एक हात नातवाच्या खांद्यावर, असे करत ती वर गेली. समुद्राच्या बाजूला सगळे फोटो काढत होते. आई मात्र जमिनीकडे तोंड करून उभी राहिली. ऊन लख्ख होते. समोर हर्णै, दीपगृह, पाजपंढरीची घरे, नांगरलेल्या होड्या, आणि त्यांच्या मागे हिरवा डोंगर.

ती बराच वेळ काहीतरी शोधत होती. मग बोट करून म्हणाली, "ती बग. ती आपली पाखाडी."

मला आधी दिसेना. मग झाडीत एक फिकी रेघ दिसली, डोंगराच्या खांद्यावरून वळत खाली येणारी. "त्या वळनाला धोंडा. तितं भारा टेकवायचो. तितनं ह्यो किल्ला दिसायचा." ती एकेक खूण सांगू लागली. तिथे आजी घसरून पडली होती, तिथे पावसात भारा भिजून दुप्पट जड झाला होता, तिथे मी तिच्या पोटात असताना तिला भोवळ आली होती. ती सगळी वाट इथून वीतभर लांबीची दिसत होती. आई म्हणाली, "येवढीच काय गं?" आणि पुन्हा म्हणाली, "येवढीच?"

होडीवाल्याने खालून हाक मारली. पाणी उतरायला लागले होते, खडक उघडे पडायच्या आत निघायला हवे होते.

लिलावाचा बाजार

वाचकांपैकी कुणाला जायचे असेल तर थोडी माहिती. मुंबईहून कोकण रेल्वेने खेडला उतरून एस. टी.ने दापोली गाठता येते, हे अंतर सुमारे ३० किलोमीटर. दापोली ते हर्णै १६-१७ किलोमीटर. मुंबईहून थेट दापोलीच्या गाड्याही आहेत. एक दिवस हाताशी जास्त असेल तर दापोलीजवळचे वणंद पाहून घ्यावे. माता रमाईंचे ते माहेर. त्यांचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत, हे आपल्याला ठाऊकच आहे. तालुक्यातच कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. त्यांतली जुनी लेणी बौद्ध आहेत. तिथे एक पूर्ण दिवस लागतो, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

हर्णैला गेल्यावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघितल्याशिवाय निघू नये. चारनंतर होड्या येऊ लागतात. किनारा उथळ, त्यामुळे मोठ्या होड्या लांबच नांगरतात आणि बैलगाड्या थेट समुद्रात शिरून मासळी आणतात. पाण्यात छातीपर्यंत बुडालेले बैल मुंबईच्या मुलांनी कधी पाहिले नव्हते. वाळूवर ढीग पडतात, पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, मांदेली. भोवती रिंगण होते आणि बोली सुरू. शब्द इतके भराभर असतात की आपल्याला काही कळत नाही. आईला सगळे कळत होते. तिने कोळंबीचा एक वाटा आणि पावसाळ्यासाठी सुकट घेतली. दोन ठिकाणी भाव न पटल्याने उठून निघून गेली आणि तिसऱ्या ठिकाणी मनासारखा मिळवला. टोपली भाऊ घ्यायला गेला तर तिने ती सवयीने डोक्यावर ठेवली, चार पावले चालली, आणि मग काय वाटले कुणास ठाऊक, उतरवून त्याच्या हातात दिली.

सगळा मिळून आमचा त्या दिवसाचा खर्च, होडी, एस. टी. आणि किरकोळ धरून, मुंबईत एका सिनेमाला कुटुंब नेण्यापेक्षा कमी झाला. मासळी वेगळी, ती तशीही आणलीच असती.

रात्री वाडीतल्या बायका जमल्या. काय बघितलंस, म्हणून सगळ्यांनी विचारले. आईने तोफा सांगितल्या नाहीत, बाजीराव सांगितला नाही. कासव सांगितले, टाक्यातल्या बाटल्या सांगितल्या, आणि मग बराच वेळ पाखाडी सांगत बसली. तिच्याबरोबर फाटी वाहिलेल्या दोघी अजून आहेत. एकीला डोळ्यांनी कमी दिसते. तिने पुन्हा पुन्हा विचारले, "धोंडा दिसला? खरंच दिसला?"

सकाळी उठले तर आई घरात नव्हती, धाकटीही नव्हती. वहिनी म्हणाली, दोघी पाखाडीकडे गेल्या. मी मागून गेले. वळणावरच्या धोंड्यावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. खाली समुद्रावर अजून धुके होते, किल्ला अर्धाच दिसत होता.

"आजी, काल आपण कुठे उभ्या होतो?" धाकटी विचारत होती.

आईने डोळे बारीक केले, हात लांब केला आणि तिला तटावरची जागा दाखवली.